मोजे, आई आणि रेड ओक

गेले दोन महिने इथे शुकशुकाट होता. एक-दोघांनी मेल टाकून विचारलं, "बरा आहेस ना?" बरा आहे. घरातली जमीन वाळत होती, आणि ती वाळत असताना मला दुसरं काही सुचत नव्हतं. लिहायचं टेबल गॅरेजमध्ये, खुर्ची बाथटबमध्ये (खरंच), आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून जमिनीकडे बघतोय, असं आमचं चाललं होतं. आता सामान जागेवर आलंय तेव्हा मनात साचलेलं एकदा ओकून टाकतो. (हा शब्द पुढे विनोदासाठी उपयोगी पडणार आहे, सहन करा.) विषय रुक्ष आहे हे आधीच सांगतो. पण ज्यांनी अमेरिकेत जुनं घर घेतलंय आणि ज्यांचे आई-वडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती.

तर झालं असं, की आमचं घर न्यू जर्सीतलं, १९५४ सालचं. घेतलं तेव्हा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. मूळ रंग कोणता होता कुणास ठाऊक, आम्हाला मिळाला तेव्हा चहाच्या गाळासारखा होता. त्या काळातल्या घरांची एक गंमत असते. बांधणाऱ्याने चांगलं लाकूड घातलेलं असतं आणि पुढच्या पिढीने त्यावर गालिचा चिकटवून ते झाकून टाकलेलं असतं. कपाटातला एक कोपरा उचकटून पाहिला तर खाली रेड ओक! (झाड. आडनाव नव्हे. आमच्या ओळखीत एक ओक आहेत, त्यांना हा विनोद दर भेटीत ऐकावा लागतो.) सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्या, पाऊण इंच जाडी, एकात एक अडकवलेल्या.

पाऊण इंच म्हणजे पुष्कळ वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण त्यातला घासायला मिळतो तो फक्त वरचा पाव इंच, कारण त्याच्या खाली पट्ट्यांची ती एकमेकांत अडकणारी जीभ सुरू होते. दर वेळी मशीन फिरलं की मिलिमीटरच्या आसपास लाकूड जातं. म्हणजे जमिनीचं आयुष्य मोजलेलं आहे. आपण सारखं "रिफ्रेश" मारू शकत नाही. ही गोष्ट डोक्यात बसली आणि तिथूनच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली असं आमच्या घरातल्या दुसऱ्या सदस्याचं मत आहे.

मिस्त्री पोलंडचा. साठीचा, कमी बोलणारा, गुडघ्यांना पट्टे बांधलेला. आल्या आल्या त्याने कपाटाच्या कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकला आणि मिनिटभराने बोट लावलं. चिकट. "शेलॅक," तो म्हणाला. मी उडालोच! शेलॅक म्हणजे आपली लाख हो. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. झारखंड-छत्तीसगडच्या जंगलांत आजही गोळा करतात. रांचीजवळ नामकुमला तर १९२४ सालापासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. पॉलियुरेथेन घराघरांत पोचायच्या आधी अमेरिकेतल्या लाकडी जमिनींना शेलॅक नाहीतर व्हार्निश, आणि वरून मेण, असाच रिवाज होता. म्हणजे मी इथे यायच्या कितीतरी आधी आपल्याकडच्या जंगलातली लाख माझ्या दिवाणखान्यात येऊन वाळून बसली असण्याची चांगलीच शक्यता आहे. आणि आम्ही इतकी वर्षं लाक्षागृहात राहत होतो हे कुणी सांगितलंही नाही.

लाक्षागृहावरून आठवलं. हे एवढं एक लक्षात ठेवा, बाकी लेख नाही वाचलात तरी चालेल. आम्ही लाकडाला हलका तपकिरी स्टेन लावून घेतला, तेलातला. तो पुसलेली फडकी मिस्त्रीने पाण्यात बुडवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवली. मी विचारलं एवढं सोवळं कशाला, तर म्हणाला की अशी फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेटतात. काडी न लावता! जवसाच्या तेलासारखी तेलं वाळतात म्हणजे त्यांतलं पाणी उडत नाही, ती हवेतला ऑक्सिजन घेतात आणि त्यात उष्णता बाहेर पडते. फडकं पसरलेलं असलं तर ती निघून जाते. बोळ्याच्या आत अडकली की वाढत जाते आणि धूर निघायला लागतो. हौसेने स्वतःच स्टेन मारायला बसणाऱ्या आपल्या इंजिनियर बंधूंनो, फडकी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा. डब्यात कोंबू नका.

आणि हेच रसायनशास्त्र पुढच्या सगळ्या भानगडीच्या मुळाशी आहे, म्हणून जरा थांबतो.

वर लावतात ते पॉलियुरेथेन. मूळ शोध ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा, १९३७ सालचा. जमिनीसाठी ते तेलातलं मिळतं किंवा पाण्यातलं मिळतं. आम्ही तेलातलं घेतलं, तीन हात. त्याला मधासारखा रंग येतो, वास मात्र असा येतो की आम्ही चार रात्री मित्राकडे काढल्या. पाण्यातलं लवकर वाळतं, वास कमी, रंग पांढरट राहतो. कोणतं चांगलं यावर इंटरनेटवर इतकी मारामारी आहे की "व्हीआय की ईमॅक्स" फिकं पडावं. त्यात मी पडत नाही.

मुद्दा वेगळाच आहे. वाळणं आणि पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. (क्युअर होणं याला मराठीत मी पिकणं म्हणतो, दुसरा शब्द सुचवलात तर बदलीन.) वाळणं म्हणजे त्यातलं द्रावक उडून जाणं. ते रात्रीतून होतं, बोट लावलं तर चिकटत नाही, आणि आपल्याला वाटतं झालं. पण आत रेणूंचं एकमेकांना धरून जाळं विणणं सुरूच असतं, आणि तेलातल्या प्रकाराला त्यासाठी हवेतला ऑक्सिजन लागतो. ते पुरं व्हायला साधारण महिना जातो. दमट हवेत, थंडीत आणखी जास्त. दिसायला पूर्ण, आत अर्धं. आमच्या धंद्यात याला "डेमो व्यवस्थित झाला" म्हणतात.

म्हणूनच मिस्त्रीने जाताना जो कागद दिला त्यावर तीन वेगवेगळे आकडे होते. नीट बघा हं, तीन. चोवीस तासांनी मोजे घालून चाला, बूट किंवा अनवाणी नको. चार दिवसांनी फर्निचर आणा, पण उचलून, ओढत नाही, आणि पायांना फेल्टच्या चकत्या लावून. तीस दिवसांनी गालिचे. गालिच्याला सगळ्यात उशीर का, तर तो हवा अडवतो. खालचा भाग अर्धा कच्चा राहतो, गालिच्याच्या विणीचा ठसा उमटतो, आणि मागे रबर असेल तर त्यातली रसायनं वरच्या थरात शिरून कायमचा पिवळा डाग. अनवाणी का नको, तर पायाचा घाम आणि तेल ताज्या थरावर उमटतं. पण ते पहिले एक-दोन दिवस. नंतर पायाचा ठसा पडलाच तर तो पुसला जातो, जसा काचेवरचा पुसला जातो.

मी काय केलं? मी तिन्ही आकड्यांतला सगळ्यात मोठा घेतला आणि सगळ्या नियमांना लावला. तीस दिवस मोजे. तीस दिवस अनवाणी बंद. का? तर "सेफ साइड". पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घासल्यावर माणसाला प्रत्येक अंदाज दुप्पट करायची सवय लागते, आणि ती अंगी मुरलेली अक्कल आहे असं वाटायला लागतं. मी फ्रिजवर एक कागदही लावला होता, तारखांसकट. सौ.ने त्यावर खाली पेनने "आणि श्वास?" असं लिहिलं होतं. असो.

आता आई. आईचं तिकीट सप्टेंबरअखेरचं, सहा महिने आधी काढलेलं. काम ऑगस्टमध्ये उरकायचं होतं, पण गालिचा काढल्यावर मिस्त्रीने यंत्राने लाकडातला ओलावा मोजला आणि थांबायला सांगितलं. त्याचं बरोबर होतं. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं. फुगलेलं असताना घासून सपाट केलं तर पुढे वाळल्यावर पट्ट्यांच्या कडा खाली जातात आणि मधोमध उंचवटे राहतात. म्हणून तळघरात डिह्युमिडिफायर लावून आम्ही तीन आठवडे थांबलो. शेवटचा हात एका शनिवारी झाला आणि आई पुढच्या गुरुवारी नेवार्कला उतरली. सहावा दिवस.

आई सांगलीची. वय वर्षं शहात्तर. आमच्या तिथल्या घरात शहाबादी फरशी, रोज सकाळी बादलीभर पाण्याने पुसलेली. त्या गार फरशीवर अनवाणी चालण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. दारातच तिला मी मोजे दिले. नवे, जाड, लोकरीचे.

"घरात मोजे? मी काय आजारी आहे?"

"आई, जमीन ताजी आहे. महिनाभर फक्त."

"आणि पुसायची कशी?"

"पुसायची नाही. कोरडं फडकं फिरवायचं."

"पाण्याशिवाय पुसलेली फरशी म्हणजे अंघोळ न करता लावलेलं अत्तर," एवढं बोलून तिने मोजे घातले. दुसरी गोष्ट काठीची. गुडघ्यामुळे ती काठी वापरते. काठीच्या टोकाला काळं रबर, आणि सकाळी बघतो तर स्वयंपाकघरापासून देवापर्यंत टिकल्या टिकल्यांची काळी रांग. ओल्या फडक्याने पुसली तर गेलीही. पण मी म्हणालो, "आई, काठी खोलीतच ठेव थोडे दिवस. भिंतीला धरून चाल." ती बरं म्हणाली. ती मला बरंच म्हणते.

नववा दिवस, रविवारची रात्र. तिची झोप अजून सांगलीच्या घड्याळावर. तीन वाजता पाणी प्यायला उठली. पायात मोजे, हातात काठी नाही, सॅटिन फिनिशची नवी कोरी जमीन. मला आवाज आला तो स्टीलच्या पेल्याचा. धावत गेलो तर ती ओट्याशी बसलेली, डावा हात उजव्या हातात धरून.

"अरे, पेला पडला. बघ रे, जमिनीला खड्डा पडला का."

हे तिचं पहिलं वाक्य.

मनगटाचं हाड मोडलं होतं. इमर्जन्सीमध्ये नर्सने ठरलेल्या यादीतले प्रश्न विचारले. घरात सुटे गालिचे आहेत का? मी म्हणालो, एकसुद्धा नाही. मला त्या क्षणी त्यात काय अभिमान वाटला असेल, आता आठवून कानकोंडा होतो. पुढचा प्रश्न होता, पायात काय होतं. चालायला आधार घेतात का, घेतात तर पडताना हातात होता का. या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आईने दिली नाहीत, मला द्यायला लावली. इंग्रजीमुळे असेल. किंवा नसेल.

अमेरिकेची सरकारी आकडेवारी सांगते की पासष्टच्या पुढच्या दर चारांपैकी एकाहून जास्त माणसं दर वर्षी एकदा तरी पडतात. मनगट हे त्यातलं स्वस्त हाड. खुबा असता तर मी हा लेख लिहीत नसतो.

तेव्हा माझं मत, आणि ते माझ्याच चुकीतून आलेलं आहे म्हणून जरा ठासून मांडतो. नव्या घासलेल्या जमिनीची काळजी घ्यायची म्हणून जे नियमांचं पुस्तक आपल्या हातात पडतं, ते जमिनीच्या बाजूने लिहिलेलं असतं. त्यात चूक काही नाही, मिस्त्री जमिनीचा डॉक्टर आहे, माणसांचा नव्हे. पण घरात माणसं राहतात हा भाग आपण भरायचा असतो. तो न भरता प्रत्येक नियम ताणून तिप्पट करण्याला काळजी म्हणत नाहीत. ती भीती असते, खर्च केलेल्या पैशांची. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक, शोकेसमधला टी-सेट पाहुण्यांसाठी आणि पाहुणे आले तरी स्टीलचे कप, ही आमच्या पिढीची जुनी दुखणी आहेत. मी स्वतःला त्यातून बाहेर पडलेला समजत होतो. आठ खोल्यांचं प्लॅस्टिक कव्हर मी मोज्यांच्या रूपात विणलं होतं, एवढंच.

म्हणजे नियम पाळू नयेत का? तसं अजिबात नाही. काही नियम न पाळाल तर जमीन खरंच जाते, आणि तिथे मी आजही कडक आहे. सगळ्यात कडक पाण्याच्या बाबतीत. आईला ते पटायला वेळ लागला, आणि माझ्या ओळखीच्या निम्म्या मराठी घरांत ते अजून पटलेलं नाही. पॉलियुरेथेनचा थर पाणी अडवतो हे खरं, पण पट्ट्या-पट्ट्यांमधल्या सांध्यांत तो थर अखंड नसतो. बादलीने पुसलं की पाणी तिथून आत जातं, कडा फुगतात आणि पट्टी पन्हळीसारखी होते. वाफेचा मॉप तर त्याहून वाईट. विकणारे काहीही म्हणोत, गरम वाफ दाबाने सांध्यात घालायची कल्पना ज्याला सुचली त्याच्या घरी टाइल्स असणार. व्हिनेगरही नको, आम्लाने हळूहळू चमक जाते. तेलकट साबण, मेण, झटपट चमक आणणाऱ्या बाटल्या, काही नको. यांचा थर वर बसतो आणि काही वर्षांनी नवा हात द्यायची वेळ येते तेव्हा तो धरत नाही. मग पुन्हा मशीन, पुन्हा एक मिलिमीटर. मायक्रोफायबरचं फडकं, जेमतेम ओलं, आणि लाकडाच्या जमिनीसाठीचं न्यूट्रल क्लीनर. झालं.

दुसरं वाळू. बुटाच्या तळाला आलेला वाळूचा कण या थरापेक्षा कठीण असतो. तो पायाखाली फिरतो म्हणजे सँडपेपरच फिरतो. इथे आपण जिंकलो! अमेरिकन माणूस बूट घालून पलंगापर्यंत जातो, आपण चपला दारात काढतो. आईने ही एक गोष्ट ऐकून समाधानाने मान हलवली. दाराच्या बाहेर एक पायपुसणं, आत एक (तीस दिवसांनंतर, आणि मागे रबर नसलेलं), आणि दोन दिवसांनी एकदा मऊ झाडू. याने जमिनीचं जितकं आयुष्य वाढतं तितकं कुठल्याही बाटलीने वाढत नाही.

फर्निचरच्या चकत्या हव्यातच, आणि दर वर्षी त्या उलट्या करून बघायच्या, कारण फेल्टमध्ये वाळू रुतून बसते आणि मग चकतीच सँडपेपर होते. रंगाच्या कामासाठी जमिनीवर चिकटपट्टी लावायची नाही, निळी असली तरी. काढताना नव्या थराचे पोपडे घेऊन येते. हवेतला ओलावा तीस ते पन्नास टक्क्यांमध्ये ठेवायचा, न्यू जर्सीत हे म्हणणं सोपं आहे, करणं नाही. आत्ता नोव्हेंबर संपत आलाय, हीटर सुरू झालाय आणि दिवाणखान्यात पट्ट्यांमध्ये बारीक फटी दिसायला लागल्यात. मी घाबरून मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, लाकूड आहे, श्वास घेतं, जूनमध्ये बंद होतील, फटीत काही भरू नको. सौ.च्या फ्रिजवरच्या कागदाशी त्याचं इतकं एकमत कसं झालं कळेना.

आणि ज्या नियमाचा मी धसका घेतला होता, त्याचं काय? दोन दिवसांनंतर अनवाणी चालायला हरकत नव्हती. मिस्त्रीला मी नंतर स्पष्ट विचारलं. "पाचव्या दिवशी अनवाणी? चालेल की," तो म्हणाला. मग मोज्यांचं सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला. काठीला काळ्याऐवजी करडं, डाग न पाडणारं रबर मिळतं, औषधाच्या दुकानात, चार-पाच डॉलरला. चार-पाच डॉलर! आईच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत आणि तिथून ओट्यापर्यंत रात्रीचे बारके दिवे लावले, तेही तेवढ्यालाच. या तिन्ही गोष्टी सहाव्या दिवशी करता आल्या असत्या, आणि त्यांतली एकही जमिनीच्या विरोधात नव्हती. गालिचा अंथरला असता तर वाचली असती असंही काही जण म्हणाले. मला पटत नाही. म्हाताऱ्या माणसांना सुट्या गालिच्याची कडच पाडते, म्हणून तर नर्सने तो प्रश्न आधी विचारला.

आईचा हात प्लॅस्टरमध्ये असताना तिच्याशी खूप गप्पा झाल्या, कारण तिला दुसरं काही करू देत नव्हतो आणि मी घरूनच काम करत होतो. एकदा तिने आजीचं सारवण काढलं. तासगावकडच्या घरात माजघराची जमीन मातीची. आजी पलीकडच्या कोपऱ्यातून सुरू करायची, उकिडवी बसून, मागे मागे सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. हाताच्या अर्धगोल वळ्या एकात एक. मी सांगितलं, मिस्त्रीनेही अगदी तसंच केलं, खिडकीपासून सुरू करून दाराकडे मागे मागे. ती हसली. मग मी विचारलं, ओल्या सारवणावर कुणी पाय दिला तर आजी काय करायची? मला वाटलं, ओरडायची असं म्हणेल.

"ओरडायची की. मुलांना ओरडायची," आई म्हणाली. "पण थोरल्या आत्याबाईंना दिसायचं नाही, तर त्यांच्या खोलीपासून न्हाणीपर्यंतचा पट्टा ती वेगळ्या दिवशी सारवायची. अर्धा आज, अर्धा परवा. त्या कधी ओल्यावर आल्याच नाहीत."

यावर मी काही बोललो नाही. फ्रिजवरचा कागद त्याच दिवशी काढला.

एकतिसाव्या दिवशी गालिचा अंथरला, एकच, सोफ्यापुढे, खाली न सरकणारी जाळी घालून. त्या जाळ्याही निवडून घ्याव्या लागतात, लाकडाला चालणाऱ्या, रबराच्या स्वस्त जाळ्या डाग पाडतात. प्लॅस्टर निघालंय. आई अनवाणी फिरते. काठीचा टकटक आवाज लाकडावर छान येतो, वरच्या खोलीत मीटिंगमध्ये बसलो असलो तरी ती कुठे आहे ते कळतं. ओट्यापाशी पेल्याचा खड्डा पडलाय, चंद्रकोरीएवढा. रेड ओक कठीण म्हणतात, आपल्या सागापेक्षाही थोडा कठीणच, पण भरलेल्या स्टीलच्या पेल्याच्या काठापुढे त्याचं काही चालत नाही. मिस्त्री बघून गेला. म्हणाला, कच्चं लाकूड असतं तर ओलं फडकं आणि इस्त्री ठेवून वर आणलं असतं, आता वरून थर आहे, तेवढा भाग घासावा लागेल. नको म्हटलं.

जिना राहिलाय अजून. तेरा पायऱ्या, वर गालिच्याचा तोच चहाचा गाळ, आणि खाली काय आहे देव जाणे. आई मार्चमध्ये परत जाते, त्यानंतर काढीन. पाण्यातलं पॉलियुरेथेन लावावं म्हणतोय, आणि एक आड एक पायरी, म्हणजे वर-खाली करायला एक तरी पायरी नेहमी कोरडी राहील. मिस्त्री म्हणतो वेळ दुप्पट लागेल.